दोरीवरचे कपडे

लिस्बनच्या अल्फामा या जुन्या वस्तीतल्या त्या खिडकीतल्या आजींनी मला पहिल्या भेटीत नुसतं बोट हलवून नाही म्हटलं. तर्जनी उभी धरली, दोनदा इकडून तिकडे हलवली, बस. चेहऱ्यावर राग नव्हता. शेजारच्या पोराचा हात लोणच्याच्या बरणीकडे जाताना दिसावा आणि आपण लांबूनच त्याला थांबवावं, तसं काहीसं होतं ते. मी डोळ्याला लावलेला कॅमेरा खाली घेतला, मान तुकवली आणि पायऱ्या चढू लागले. वळणापर्यंत पोचले तरी कानशिलं गरमच होती.

लिस्बनमधली ती माझी दुसरी सकाळ. माझी भाची तिथे शिकते, ग्रासाच्या टेकडीवर भाड्याच्या खोलीत राहते. ऑक्टोबरात एकोणीस दिवस मी तिच्याकडे होते. ती विद्यापीठात गेली की मी खांद्याला कॅमेरा अडकवून उतारानं खाली निघायची आणि पाय बोलायला लागले की परतायची. पुण्यात मी पंधराएक वर्षं रस्त्यावरचे फोटो काढते आहे. मंडई, तुळशीबाग, पालखीच्या दिवशीचा लक्ष्मी रस्ता. तिथे मला कुणी नाही म्हणत नाही. उलट "ताई, आमचा पण काढा की" म्हणत माणसं चौकटीत येऊन उभी राहतात. त्यामुळे विचारायचं असतं, हा प्रश्न माझ्यापुढे कधी नीट उभाच राहिला नव्हता. तो त्या बोटानं उभा केला.

आधी उजेडाबद्दल सांगायला हवं, कारण मी मुळात त्याच्यामागे लागून हिंडत होते. लिस्बनचे लोक आपल्या शहरातल्या उजेडाबद्दल फार अभिमानानं बोलतात, आणि त्यात तिळमात्र अतिशयोक्ती नाही. शहर टेकड्यांवर चढत गेलेलं. समोर तेजो नदी, समुद्राला मिळायच्या आधी एखाद्या खाडीसारखी ऐसपैस पसरलेली. आणि पायाखाली पांढऱ्या चुनखडीच्या चौकोनी तुकड्यांची फरसबंदी. म्हणजे ऊन आभाळातून येतं, पाण्यावरून येतं आणि जमिनीवरूनही उसळून वर येतं. आपल्याकडे भर दुपारी टोपीवाल्या माणसाचा चेहरा काळाठिक्कर पडतो. तिथे हनुवटीच्या खालीसुद्धा उजेड पोचलेला असतो. पहिले दोन दिवस माझे सगळे फोटो काळवंडले. पांढरी फरशी बघून कॅमेरा बिचकत होता. मग मी एक्स्पोजर थोडं वर चढवून ठेवलं. माझ्याकडे फुजीचा लहान, लेन्स न बदलता येणारा कॅमेरा आहे. अ‍ॅपर्चर ८ वर, शटर १/२५० वर, फोकस तीन मीटरवर बांधून टाकायचा आणि मग फक्त माणसांकडे बघायचं. गल्ल्यांत मात्र हे गणित चालत नाही. तिथे उन्हाची तिरीप जेमतेम हातभर रुंद असते. तिच्यातून कुणी जाईपर्यंत थांबायचं, आणि सावलीला खुशाल काळं होऊ द्यायचं.

ऊन असं दोन तऱ्हांनी का पडतं, त्याचं उत्तर एका तारखेत आहे. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण. सकाळी चर्चं भरलेली, वेदींवर मेणबत्त्या पेटलेल्या, आणि त्याच वेळी भूकंप झाला. पाठोपाठ नदीतून लाटा चढून आल्या, मग कित्येक दिवस आग धुमसत राहिली. नदीकाठचा सखल भाग, बायशा, जवळजवळ पुसला गेला. पुढे पोंबालचा मार्किस म्हणून ओळखला गेलेला मंत्री आणि मानुएल दा माइया, एउजेनिओ दोस सांतोस यांच्यासारखे लष्करी अभियंते यांनी तो भाग पट्टीनं आखल्यासारखा पुन्हा उभा केला. भिंतींच्या आत लाकडी सांगाडा घातला. भूकंपात घर हललं तरी कोसळू नये म्हणून केलेल्या त्या रचनेला तिथे ‘गायोला’ म्हणतात, म्हणजे पिंजरा. रस्ते धंद्यांना वाटून दिले. रुआ दा प्राता चांदीचा, रुआ दोस सापातेइरोस मोच्यांचा, रुआ दोस दोउरादोरेस सोन्याचा मुलामा देणाऱ्यांचा. तांबट आळी, कासार आळी ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला ही नावं ओळखीची वाटतात. या सरळ रस्त्यांत दुपारचं ऊन एका टोकाकडून आत शिरतं आणि माणसांच्या लांबच लांब सावल्या फरशीवर आडव्या पडतात. अल्फामा मात्र भूकंपातून बरीचशी वाचली. तिचं नाव अरबी आहे, ‘अल-हम्मा’वरून आलेलं, म्हणजे गरम पाण्याचा झरा. गल्ल्याही त्याच जुन्या वळणाच्या. दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं अंग चोरायचं. तिथे ऊन चिल्लर सांडल्यासारखं पडतं.

आणि वर कपडे. अल्फामातली प्रत्येक खिडकी म्हणजे एक दोरी. घरांना गच्ची नाही, मागे अंगण नाही, मग धुणं रस्त्यावरच वाळतं. मी आठवडाभर मान वर करून फिरले आणि हळूहळू दोऱ्या वाचता येऊ लागल्या. एप्रन, दोन वेगवेगळ्या मापांचे मोजे, उशीचा विटलेला अभ्रा, लहान मुलाची शाळेची पँट: इथे कोण राहतं, किती जण राहतात, कोण कामाला जातं. काही दोऱ्यांवर मात्र फक्त पांढऱ्या चादरी आणि पांढरे टॉवेल. एकाच मापाचे, एकाच जाडीचे, आठ-आठ, दहा-दहा. हे कोणाचं घर आहे ते कळेना. भाचीनं सांगितलं, "आत्या, ती घरं नाहीत, पर्यटकांच्या खोल्या आहेत." दुसऱ्या दिवशी त्याच दारांच्या चौकटींवर मला आकड्यांच्या कुलपाच्या छोट्या डब्या दिसल्या. आत चावी असते. पाहुणा येतो, आकडे फिरवतो, चावी काढतो. घरमालकाचं तोंडही बघावं लागत नाही. त्या चावीला पोर्तुगीज शब्द ‘शाव’. आपली चावी तिथूनच आली.

२०१८ मध्ये लिस्बनच्या नगरपालिकेनं अल्फामा, मोरारिया, कास्तेलो या भागांत अशा खोल्यांचे नवे परवाने देणं थांबवलं. तोवर पुष्कळ भाडेकरू बाहेर पडले होते. मी काढलेल्या धुण्याच्या फोटोंमध्ये पांढऱ्या दोऱ्या किती आणि रंगीत किती, हे मी रात्री मोजत बसायचे. संशोधन म्हणून नाही. पण एकदा दिसायला लागल्यावर न मोजणं मला जमेना.

अठ्ठावीस नंबरच्या ट्रामबद्दल फार लिहीत नाही. १९३०च्या दशकातले ते पिवळे लाकडी डबे देखणे आहेत आणि दर वळणावर त्यांच्यासाठी वीस मोबाइल वर झालेले असतात. मीही पुष्कळ काढले. ठेवला एकच, आणि त्यात ट्राम नाही. रुआ दास एश्कोलास जेराइसला रस्ता इतका अरुंद होतो की ट्राम आली की चालणाऱ्यांना दारात शिरावं लागतं. एक म्हातारे गृहस्थ, एक शाळकरी मुलगी आणि भाजीची पिशवी घेतलेली एक बाई, तिघं एका दाराच्या खोबणीत चिकटून उभे, आणि तिघांच्या चेहऱ्यांवर पिवळी झाक मारणारा उजेड. ट्राम तेवढीच.

विचारून काढलेला पहिला फोटो फरसबंदी करणाऱ्या कामगाराचा. या फरसबंदीला ‘काल्सादा’ म्हणतात आणि ती लावणारे ‘काल्सेतेइरो’. तिची सुरुवात १८४२ मध्ये साओ जॉर्जच्या किल्ल्यावर झाली. युसेबियो फुर्तादो नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं कैद्यांकडून काळ्या-पांढऱ्या दगडांची नागमोडी नक्षी घालून घेतली. ती इतकी आवडली की काही वर्षांतच रोसिओ चौकात लाटांची फरशी झाली. अजूनही एकेक दगड हातानंच बसवतात. रस्त्याच्या कडेला एक मनुष्य बुटक्या स्टुलावर बसून काम करत होता. डाव्या हातात दगड, उजव्या हातात हातोडी. दगड तळव्यावरच फिरवायचा, दोन टिचक्या, आणि मोजपट्टी न लावता तो बरोबर फटीच्या मापाचा व्हायचा. मी जवळ गेले. "पोसो?" म्हणजे चालेल का. त्यानं वर बघितलं, मान हलवली आणि पुन्हा कामाला लागला. मला वाटत होतं की विचारलं की माणूस अवघडतो, फोटो मरतो. इथे तसं काहीच झालं नाही. त्याला ठाऊक होतं मी तिथे आहे, आणि दहा मिनिटांनी त्याला माझा विसर पडला. त्यातला एक फोटो माझ्या त्या सहलीतला सगळ्यात चांगला आहे. दगडाचा कण उडालाय, आणि त्याचा डावा डोळा नेमका मिटलाय.

पण विचारणं हेच सगळ्याचं उत्तर, असंही मला म्हणवत नाही. एका दुपारी कार्मोच्या चौकात बाकावर बसले होते. जॅकरांडाची झाडं, मधे दगडी कारंजं, बाजूला भूकंपात छत गेलेलं आणि पूर्ण कधीच न बांधलेलं मठाचं चर्च, ज्याच्या कमानींमधून थेट आभाळ दिसतं. २५ एप्रिल १९७४ ला या चौकात माणूस मावत नव्हता. अठ्ठेचाळीस वर्षांची हुकूमशाही त्या दिवशी सैनिकांच्या उठावानं संपली. पंतप्रधान मार्सेलो काएतानो इथल्याच बराकीत अडकले होते आणि बाहेर उठावातला कॅप्टन साल्गेइरो माइया आपल्या चिलखती गाड्या घेऊन उभा होता. ज्या सेलेस्त काएइरो यांनी सैनिकांना कार्नेशनची फुलं दिली, त्या एका उपाहारगृहात काम करायच्या. त्या दिवशीच्या समारंभासाठी आणलेली फुलं, उपाहारगृहच बंद ठेवल्यामुळे, त्या घरी घेऊन निघाल्या होत्या. आल्फ्रेदो कुन्या तेव्हा वीस वर्षांचा छायाचित्रकार. त्यानं टिपलेला माइयाचा चेहरा आज तिथल्या प्रत्येक शाळकरी मुलाला माहीत आहे. एदुआर्दो गाजेइरो हाही त्या दिवशी रस्त्यावर होता. त्याच्याही साठ-सत्तर वर्षं आधी जोशुआ बेनोलिएल जड कॅमेरा घेऊन याच शहरातले फेरीवाले, संप, मिरवणुका टिपत हिंडला. यातल्या कुणी गर्दीतल्या प्रत्येकाची परवानगी घेतली असती, तर त्या सकाळी काय घडलं ते आपल्याला आज कसं दिसलं असतं? गोव्याशी नातं असलेल्या माणसाला हा चौक आणखीही एका कारणानं जवळचा आहे. गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला तरी पोर्तुगालनं ते मान्य केलं नव्हतं. ती मान्यता या क्रांतीनंतर आली, १९७४ च्या डिसेंबरातल्या करारानं. माझी मावशी पणजीची. तिच्या जन्मदाखल्यावरची भाषा पोर्तुगीज आहे.

मावशीचं घर पणजीच्या मळा भागात, फोंतेन्यास या जुन्या वस्तीच्या कडेला. लाल कौलं, पिवळी भिंत, निळ्या चौकटीची खिडकी. आम्ही लहानपणी मे महिन्यात जायचो तेव्हा त्या गल्लीत दुपारी कावळासुद्धा फिरकत नसे. आता तिथे दिवसभर फोटो चालतात. मावशी जेवून आडवी झाली की पायरीवर कुणीतरी गॉगल लावून बसलेलं असतं. लग्न ठरलेली जोडपी येतात, छत्र्या आणि फुगे घेऊन. एकदा ती घरातल्या गाऊनवर बाहेर येऊन ओरडली, तर एकानं तेही मोबाइलवर घेतलं. शेजारच्यांनी फोटो काढू नयेत असे फलक लावले. मावशीनं बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या बसायच्या सोप्यात, बसणं सोडलं. चाळीस वर्षं तिची संध्याकाळ त्या बाल्कांवात गेली होती, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलत, मासे निवडत. ती फोनवर मला हे सांगत होती तेव्हा मी म्हटलं होतं, "मावशी, घर सुंदर आहे म्हणून काढतात गं." ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "बरं, तू कधी येतेस?"

हे माझं वाक्य मला लिस्बनमध्ये परत ऐकू आलं. मार्तिम मोनिझ चौकाजवळ रुआ दो बेनफॉर्मोझो नावाची गल्ली आहे. बांगलादेशी, नेपाळी, भारतीय, पाकिस्तानी माणसांची किराणा दुकानं, न्हाव्याची दुकानं, मोबाइल दुरुस्ती. भाचीला पोहे खायचे होते, म्हणून मी पोहे, कढीपत्ता आणि कोथिंबीर घ्यायला गेले होते. बाराव्या दिवशी असेल. कुर्ता घातला होता, वर भाचीचं जाकीट. दुकानातून बाहेर पडले, कोथिंबिरीची जुडी हातात धरून ती ताजी आहे की नाही ते हुंगत होते. समोरच्या कडेला एक गोरा, उंच मनुष्य. हातात मोठा कॅमेरा, लेन्स माझ्याकडे. खटाखट तीन-चार वेळा वाजलं ते मला रस्त्यापलीकडून ऐकू आलं. मी बघितलं तसं त्यानं अंगठा वर केला, गोड हसला आणि पुढच्या दुकानाकडे वळला.

वाईट असं काहीच झालं नव्हतं. तो सभ्य होता. मीही हजार वेळा असंच हसले असेन. पण मी तिथे जुडी धरून उभी राहिले आणि मला कळेना की आता ती हुंगायची की पिशवीत टाकायची. त्याच्या फोटोत मी कोण असणार होते? लिस्बनमधली एक स्थलांतरित बाई, भाजी घेताना. माझं पुणं, माझी पंधरा वर्षं, खोलीवर वाट बघणारी भाची, यातलं काही त्याला नको होतं, आणि मी ते त्याला सांगूही शकत नव्हते. मी त्याच्या रस्त्यावरची रंगसंगती झाले होते. हिरवी जुडी, लाल कुर्ता. फोटो चांगलाच आला असेल.

त्या रात्री मी माझ्या कार्डातले सगळे फोटो पुन्हा बघितले आणि बरेच पुसले. कायद्याचं भाचीनं सांगितलं. तिच्या वर्गात चर्चा झाली होती. पोर्तुगालच्या नागरी संहितेच्या ७९ व्या कलमानं माणसाच्या चेहऱ्यावर त्याचाच हक्क मानलाय. त्याच्या संमतीशिवाय त्याचं चित्र लोकांपुढे मांडता येत नाही. सार्वजनिक जागेच्या दृश्यात तो आपसूक आला असेल, तर गोष्ट वेगळी. फौजदारी कायद्यात तर एखाद्याच्या इच्छेविरुद्ध त्याचा फोटो काढणं हाच गुन्हा आहे. आजींचं बोट म्हणजे पूर्ण कायदा होता. पण मी फोटो पुसले ते कायद्यासाठी नाही. ज्या ज्या फोटोत माणूस आपल्या उंबरठ्याच्या आत होता आणि मी बाहेर, ते मला ठेववेनात. चौकातले, बाजारातले, घाटावरचे ठेवले.

मोरारियात बेको दास फारिन्यास नावाची एक बोळकांडी आहे. तिथे भिंतींवर त्याच गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांचे मोठमोठे कृष्णधवल फोटो आहेत. कामिला वॉटसन या ब्रिटिश छायाचित्रकार या भागात राहायला आल्या, शेजाऱ्यांचे फोटो काढले आणि ते त्यांच्याच गल्लीच्या भिंतींवर उमटवले. ऊन-पावसानं काही फिकट झालेत, कुठे पोपडे निघालेत. मी गेले तेव्हा एक बाई पाण्याच्या पिशव्या घेऊन चढत होती. एका फोटोपाशी तिनं पिशव्या खाली ठेवल्या, दम खाल्ला आणि भिंतीवरच्या त्या म्हाताऱ्याच्या गालावर सहज हात ठेवला, आपण दाराला टेकतो तसा. मग पिशव्या उचलून गेली. मी कॅमेरा वर केला नाही. ते मला अजून तसंच्या तसं दिसतं.

शेवटच्या दोन दिवसांत मी आजींच्या गल्लीत पुन्हा गेले. अल्फामात म्हाताऱ्या बायका दारात छोटं टेबल मांडून जिंजिन्या विकतात, आंबट चेरीची दारू, अंगठ्याएवढ्या पेल्यात. आजींच्या खिडकीखालीही एक टेबल होतं, ते मी आधी पाहिलंच नव्हतं. कॅमेरा पिशवीत होता. मी एक पेला घेतला. त्यांनी कुठली म्हणून विचारलं. "इंदिया," म्हटलं तर लगेच, "गोआ?" मी मावशीचं सांगितलं, माझ्या तुटक्या पोर्तुगीजमध्ये, हातवारे करून. घर, निळी खिडकी, फोटो काढणारे लोक. ‘फोटोग्राफियास’ म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला आणि माझ्याकडे बघून पुष्कळ वेळ मान हलवली. मग आतून नातीला हाक मारून काहीतरी आणायला सांगितलं. त्यातला मला एकच शब्द कळला. ‘बाल्द’. नात बादली घेऊन आली, आत पिळलेले कपडे होते.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे शेवटच्या, मी कॅमेरा गळ्यात घालूनच गेले. लपवणं बरं वाटेना. आजी खिडकीत होत्या, दोरी भरलेली. निळा एप्रन, चौकड्यांचा टेबलावरचा कपडा, दोन काळे मोजे, अभ्रे, आणि मधोमध त्यांचे आतले कपडे. ऊन समोरच्या भिंतीवरून परतून त्या सगळ्यावर मऊ पडलं होतं. मी कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं, मग दोरीकडे, मग त्यांच्या चेहऱ्याकडे दाखवून हात नाही-नाही असा हलवला. तुमचा नको, फक्त कपड्यांचा. "पोसो?"

आजींनी दोरीकडे बघितलं. काही क्षण विचार केला. मग वाकून कप्पीवरची दोरी ओढली, किरकिर वाजत कपडे त्यांच्याकडे सरकले. त्यांनी दोन चिमटे काढून तोंडात धरले, आतले कपडे काढून खिडकीच्या आत टाकले, मोकळ्या जागेत एप्रन सरकवून नीट ताणून लावला, कोपरा ओढून सुरकुती काढली. दोरी पुन्हा बाहेर ढकलली. स्वतः खिडकीच्या आत, अंधारात सरकल्या. तिथून त्यांचा आवाज आला.

"आगोरा."

आता.